उजवे-डावे

आपल्या भाषेने डाव्या हाताला कधीच न्याय दिला नाही. जो सरस ठरतो तो 'उजवा', ज्याला बाजूला सारायचे त्याला 'डावलायचे'. दक्षिणा द्यायची ती उजव्या हाताने, नव्या घराचा उंबरा ओलांडायचा तो उजव्या पावलाने. असे संस्कार शतकानुशतके पचवलेल्या माणसाला सरकारने एके दिवशी सांगितले, "बाबा रे, तू डावीकडून चाल, उजवी बाजू तुझी नव्हे. पुढच्याला ओलांडण्यापुरती ती घे आणि लगेच सोडून दे." त्याने ते ऐकले नाही, याचे नवल ते काय?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पुरता खुला झाला. कळंबोलीपासून किवळ्यापर्यंत साधारण साडेचौऱ्याण्णव किलोमीटर. जायला तीन लेन, यायला तीन लेन. सर्वांत डावी अवजड वाहनांसाठी, मधली मोटारींसाठी, उजवी केवळ पुढे जाण्यासाठी. चौथीतले पोर एका वाचनात पाठ करील इतका सोपा नियम आहे हा. मी स्वतः गाडी चालवीत नाही. शाळामास्तर आणि त्यातून कादंबऱ्या लिहिणारा, तेव्हा माझी जागा चालवणाऱ्याच्या शेजारची. त्यामुळे मला पाहायला सवड मिळते. मी पाहतो ते असे : डाव्या लेनमधला ट्रक मधल्या लेनमध्ये, मधल्या लेनमधली मोटार उजव्या लेनमध्ये, आणि ज्याला खरोखरच पुढे जायचे आहे तो कधी या दोघांच्या फटीतून, तर कधी चक्क डावीकडून, नागमोडी निघालेला!

मास्तर असल्यामुळे मी गणित मांडून पाहिले. ताशी ५५ किलोमीटरने चाललेल्या ट्रकला ताशी ६० ने चाललेला ट्रक ओलांडू पाहतो. ताशी ५ चा फरक म्हणजे सेकंदाला दीड मीटरसुद्धा नाही. त्याच्या मागून निघून पुरता पुढे जायला ५० मीटरांची आघाडी हवी, असे धरा. तिला ३६ सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात हे जोडपे ६०० मीटर रस्ता अडवून चालते. मागून येणाऱ्या मोटारी ताशी १०० च्या मर्यादेत असल्या, तरी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर कापीत असतात. क्रिकेटची खेळपट्टीदेखील २० मीटरांचीच असते. आणि एवढ्या धडपडीतून मिळते काय? सगळा मार्ग ताशी ८० ने काटला तर ७१ मिनिटे आणि १०० ने काटला तर ५७. चौदा मिनिटे! एवढा वेळ आपण पुण्याला पोहोचल्यावर 'चहा घेऊ की कॉफी' या चर्चेत घालवतो.

पण मला खरा प्रश्न पडला तो बेशिस्त माणसामुळे नव्हे, एका सज्जनामुळे.

आमच्या शेजारचे एक गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले. आयुष्यात कुणाचा पैसा बुडवला नाही की कुणाला चहा पाजून काम करून घेतले नाही. त्यांच्या गाडीतून मी अनेकदा गेलो आहे. ते ताशी ऐंशीवर काटा ठेवतात आणि घाट सोडला तर सबंध रस्ता उजव्या लेनमधून जातात. मागची गाडी दिवे मिचकावते, भोंगा वाजवते, हे ढिम्म. एकदा मी भीतभीत म्हटले, "अण्णा, जरा डावीकडे घेता का? बिचाऱ्याला जाऊ द्या."

"का म्हणून, मास्तर?" ते शांतपणे म्हणाले. "मी कायद्याच्या मर्यादेत आहे. याला शंभराच्या वर जायचे आहे, म्हणजे गुन्हाच करायचा आहे. त्याला वाट देऊन मी त्याच्या गुन्ह्यात भागीदार का व्हावे?"

मला चटकन उत्तर सुचले नाही. कारण अण्णांचा युक्तिवाद वरवरचा नाही. अन्यायाला वाट करून देऊ नये, हेच तर आपण मुलांना शिकवतो! मग महामार्गावर तेवढे नीतिशास्त्र उलटे कसे होईल?

मी पुष्कळ विचार केला आणि मला वाटते की, अण्णांची गफलत दोन कर्तव्यांची सरमिसळ करण्यात आहे. किती वेगाने जावे हा एक नियम. कुठून जावे हा दुसरा. पहिला पाळला म्हणून दुसरा मोडण्याचा परवाना मिळत नाही. शाळेची फी वेळेवर भरणाऱ्या मुलाला वर्गात दंगा करण्याची मुभा असते का? शिवाय मागच्याचा न्यायनिवाडा करायला अण्णांना नेमले कुणी? त्या गाडीत एखादा उनाड पोरगा असेल. पण कळा सुरू झालेली लेक आणि तिच्या शेजारी जीव मुठीत धरून बसलेली आईही असेल. आरशात दिसतात ते दोन दिवे. त्यांच्यामागचे काळीज दिसत नाही.

आणि समजा, तो उनाड पोरगाच आहे. अण्णांनी अडवले म्हणून तो सुधारतो का? नाही. तो चिडतो, डावीकडून घुसतो, दोन ट्रकांमधून गाडी काढतो. त्या ट्रकवाल्यांचे, मधल्या लेनमधून निमूट चाललेल्या कुटुंबाचे काय चुकले होते? अण्णांचा सदाचार असा दुसऱ्यांच्या जिवावर उभा राहतो. सदाचार ही चालण्याची रीत आहे. रस्त्याच्या मधोमध ठेवण्याचा धोंडा नव्हे!

याचा अर्थ दिवे मिचकावणाऱ्याची बाजू खरी, असेही नाही. त्याच्या दिव्यांत विनंती क्वचितच असते. बहुधा असतो हुकूम. 'बाजूला हो, मी आलो आहे!' हा आवाज आपल्या रस्त्यांना फार जुन्या काळापासून ओळखीचा आहे. पालखीपुढचे भालदार-चोपदार तेच ओरडत. आणि याच महाराष्ट्रात अशीही माणसे होती की, ज्यांची सावली पडू नये म्हणून त्यांनी रस्ता सोडून उभे राहावे, अशी सक्ती होती. वाट मोठ्याने घ्यायची आणि लहानाने द्यायची, हा आपला शेकडो वर्षांचा रिवाज. मला वाटते, डावीकडे सरकताना आपल्याला जो कमीपणा वाटतो, त्याचे मूळ इथे आहे. वाट दिली म्हणजे आपण लहान ठरलो! म्हणून मोठ्या मोटारीला छोटीने ओलांडले की मोठीतल्या माणसाचा अहंकार दुखावतो.

लेनचा नियम या रिवाजाच्या बरोबर विरुद्ध आहे आणि म्हणूनच मला तो मोलाचा वाटतो. त्याला गाडीची किंमत कळत नाही, मालकाचा हुद्दा कळत नाही. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या मोटारींवरचे लाल दिवेसुद्धा उतरले. पुढे जाणारा उजवीकडे आणि इतर डावीकडे, एवढेच तो जाणतो. आता जो पुढे गेला, तो क्षणभराने दुसऱ्याला वाट देणार. इतकी साधी समता आपल्या फार थोड्या व्यवहारांत आहे.

तरी आपल्या माणसाला सरसकट बेशिस्त म्हणायला माझी जीभ रेटत नाही. जुना रस्ता आठवा. बोरघाटातून गाडीरस्ता झाला तो १८३० मध्ये. आगगाडी त्यानंतर तेहतीस वर्षांनी आली. त्या आणि तसल्या सगळ्या रस्त्यांची डावी कड म्हणजे खड्डे, बैलगाड्या, सायकली, भाजीच्या टोपल्या आणि शाळेतून परतणारी पोरे. शहाणा चालक कडेला जातच नसे. तो मधोमध राही. मागे कोण आहे हे बघायचे कसे? त्यासाठी ट्रकच्या पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज' रंगवलेले. म्हणजे मागची जबाबदारी मागच्यावर. तो ओरडेल तेव्हा पाहू. महाराष्ट्राने २०१५ मध्ये त्या अक्षरांवर बंदी घातली, पण अक्षरे पुसली तरी सवय पुसत नाही. ज्याला आपण बेशिस्त म्हणतो, ते पुष्कळदा जुन्या रस्त्याचे शहाणपणच असते. नव्या रस्त्यावर ते जीवघेणे ठरते, इतकेच.

आणि शिस्त आपल्या रक्तातच नाही म्हणावे, तर आषाढातली वारी पाहा! लाखो माणसे चालतात. प्रत्येक दिंडीचा क्रमांक ठरलेला, रथापुढच्या कोणत्या आणि रथामागच्या कोणत्या हे ठरलेले. विणेकरी कुठे आणि तुळशीवाली कुठे, हे कुणी शिट्टी वाजवून सांगत नाही. मग आळंदीहून शिस्तीने निघालेला माणूस कळंबोलीला पोहोचेपर्यंत शिस्त कुठे सांडतो? मला वाटते, वारीत सर्वांचे पंढरपूर एक असते. महामार्गावर प्रत्येकाचे पंढरपूर वेगळे. पुढचा-मागचा तिथे 'माउली' नसतो, अडथळा असतो. ओळखीच्यांशी, आपल्यांशी चांगले वागणे आपल्याला उत्तम येते. ज्याचे तोंड पुन्हा कधी दिसायचे नाही, त्याच्याशी चांगले वागण्याचा सराव मात्र आपल्याला नाही. आणि आधुनिक जगातली सारी नीती याच एका धड्यावर उभी आहे.

जुलै २०२४ पासून या मार्गावर नवी कॅमेऱ्यांची यंत्रणा सुरू झाली आहे. वेग तर मोजला जातोच, लेन मोडली तरी घरी दंडाची पावती येते. चांगले झाले. आमच्या शाळेच्या जिन्यावर मी उभा असतो, तेव्हा मुले डाव्या बाजूने मुंग्यांसारखी उतरतात. मी वळलो की धबधबा! पण परवा मी वर्गात विचारले, "जिन्यात डावीकडून का उतरायचे?" बहुतेकांनी उत्तर दिले, "सर रागावतात म्हणून." एक मुलगी मात्र म्हणाली, "सर, खालून कुणीतरी वर येत असतं." कॅमेरा पहिले उत्तर शिकवू शकतो, दुसरे नाही. दुसरे घरात शिकावे लागते, आणि तेही गाडीच्या मागल्या बाकावर बसून, पुढे बसलेल्या आईबापांकडे बघत.

या रस्त्याने आपल्याकडून फार घेतले आहे. २००१ च्या फेब्रुवारीत भक्ती बर्वे इथेच अपघातात गेल्या. २०१२ च्या डिसेंबरात आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे गेले. त्या अपघातांचा दोष मी कुणाच्या माथी मारीत नाही. नाटकवाले म्हणून ही नावे आपल्याला ठाऊक. ज्यांची नावे फक्त त्यांच्या घरी ठाऊक होती, असे कितीतरी. दिवाळीला फराळाचे डबे घेऊन निघालेली गाडी घरी पोहोचावी, हे केवळ तिच्या चालकाच्या हाती नसते. वाटेत भेटणाऱ्या शेकडो अनोळखी हातांत असते. आपण त्या सर्वांवर न बोलता विश्वास टाकतो, म्हणून तर चाक फिरते.

अण्णांना मी शेवटी काय सांगितले? इतकेच की, उजवी लेन ही शेजारणीची उसनी वाटी आहे. अडल्यावेळी ती कुणीही आणावी. पण आपल्या फडताळात ठेवून घेऊ नये. मराठीत 'देणे' या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात : दान आणि कर्ज. वाट देणे हे दान आहे, असे समजून आपण उगीच मोठेपणा मिरवतो किंवा कमीपणा मानतो. ते कर्ज आहे. आपल्याला आजवर असंख्य अनोळखी माणसांनी वाट दिली, तिची ही फेड. अण्णा काही बोलले नाहीत. पण कर्ज थकवलेला माणूस त्यांनी बँकेत कधी खपवून घेतला नव्हता, हे मला पक्के ठाऊक आहे.