अनुभवाचे प्रामाण्य आणि संशयाचा अधिकार

ईश्वराचा व्यक्तिगत अनुभव हा त्याच्या अस्तित्वाचा पुरावा ठरतो काय? पंडिता रमाबाईंच्या धर्मांतराच्या संदर्भात हा प्रश्न वेगळे वळण घेतो. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यावरही त्रैक्यासारखे सिद्धांत केवळ चर्चच्या अधिकारावर मान्य करण्यास त्यांनी नकार दिला. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात हा वाद आढळतो. पुढे १९०७ च्या आत्मनिवेदनात त्या सांगतात, की आपल्याला ख्रिस्ती धर्म गवसला, पण ख्रिस्त गवसला नाही, ही जाणीव बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी झाली.

म्हणजे शब्दप्रामाण्य नाकारणारा संशय आणि साक्षात अनुभवाची ओढ यांचे मूळ येथे एकच आहे: दुसऱ्याच्या साक्षीवर न विसंबणे. नैतिक पेच उद्भवतो तो यातूनच. रमाबाईंचा अनुभव त्यांच्यापुरता निर्णायक असला, तरी वाचकाच्या हाती येते ती त्याची साक्ष, म्हणजे पुन्हा शब्दच. ज्या न्यायाने त्यांनी चर्चचा शब्द तपासला, त्याच न्यायाने नास्तिकाला त्यांचा शब्द तपासता येतो. त्याने परक्या अनुभवाला भ्रम ठरविण्याची घाई करू नये, हे खरे. परंतु ज्या श्रद्धेची वाटच संशयातून गेली, तिला इतरांचा संशय पाप ठरविता येत नाही.