तितिक्षा आणि शॉकअपचं तेल

गावच्या सप्ताहात महाराजांनी तितिक्षेवर निरूपण केलं. थंडी-ऊन, सुख-दुःख येतं नि जातं, ते सोसावं, हे गीतेच्या दुसऱ्या अध्यायातलं. मग त्यांनी शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या 'विवेकचूडामणी'तला अर्थ सांगितला: उपाय न करता, चिंता न करता, विलाप न करता सोसणं. सगळा मंडप माना डोलावत होता. माझं मन मात्र 'उपाय न करता' यापाशी अडलं.

सणसवाडीत नगर रोडच्या कडेला माझं गॅरेज आहे. गिऱ्हाईक बहुतेक कंपनीत ड्यूटी करणारी पोरं. दुसऱ्या दिवशी त्यातलाच एक जण एक्सपल्स मोटरसायकल घेऊन आला. सुट्टी मिळाली की हा डोंगरात जाणारा. "दादा, पुढचा ब्रेकच धरत नाही." मी डिस्कला बोट लावलं, तर बोट तेलकट. वर बघितलं तर शॉकअपच्या नळीवर ओला पट्टा आणि त्यात चिकटलेली माती. ब्रेकचा काही दोष नव्हता. शॉकअप गळत होता आणि तेल ओघळून पॅडवर जात होतं.

शॉकअपमध्ये स्प्रिंग असते आणि तेल असतं. खड्डा आला की स्प्रिंग दबते, पण घेतलेलं परत फेकणं हा तिचा स्वभाव. नुसत्या स्प्रिंगवर गाडी उड्या मारत राहील, चाक जमीन सोडेल. तेल बारीक भोकांतून वाट काढतं तेव्हा तो जोर मावळतो, धक्क्याची ऊब होते. या गाडीचं पुढचं चाक 190 मिलिमीटर वर-खाली होतं, आणि त्यातला प्रत्येक हिसका त्या वाटीभर तेलानं पचवायचा. तितिक्षा म्हणतात ती मला इथं दिसते. धक्का लागलाच नाही असं नाही. लागला, पण पुढच्याला परत मारला नाही.

कधी कधी तेल अडवणाऱ्या सीलच्या ओठात नुसती माती अडकलेली असते. कॅमेऱ्याच्या जुन्या फिल्मची पट्टी आत सरकवून गोल फिरवली की ती निघते, गळती थांबते. इथं तसं भागलं नाही. चाक, कॅलिपर काढला, नळ्या उतरवल्या, वरची टोपी खोलून जुनं तेल ओतून काढलं. राखाडी, पातळ, सडक्या मासळीसारखा वास. पोरगा नाक धरून म्हणाला, "एवढं खराब झालं होतं, तरी गाडी चालत होती?"

चालत होती, म्हणून तर कुणी बघितलं नाही.

गंजाचा एक बारीक टोचा नखाला लागला. तो पाणपेपरनं घासला, नवं सील ग्रीस लावून सरळ बसवलं, दोन्ही नळ्यांत तेल मापून सारखं भरलं. पॅडही बदलले, तेल प्यालेल्या पॅडवर माझा भरवसा नाही.

महाराजांची व्याख्या मोक्षाच्या वाटेवरच्या साधकासाठी आहे, हे मला कळतं. तो स्वतःहून ते व्रत घेतो. आपण मात्र तीच व्याख्या घरातल्या सोसणाऱ्या माणसाच्या गळ्यात घालतो, वर पुण्य म्हणतो. उपायाविना सोसणं हे पुण्य असेल, तर त्या नळीतलं तेल फार पुण्यवान होतं. आणि ते पोरगं घाटात उताराला असतं तर? सोसणाऱ्याची काळजी घेणं हा तितिक्षेचा भंग नाही, असं मी महाराजांनाही हात जोडून सांगेन.

आमच्या घरात ते तेल म्हणजे आई. वडील गेल्यावर दुसऱ्यांच्या रानात खुरपून तिनं आम्हाला वाढवलं. विचारलं की एकच उत्तर, "काही नाही रे." त्या रात्री जेवण झाल्यावर मी उठलो नाही, तिच्यापाशीच बसलो. "काही नाही रे" दोनदा झालं. मग विहीर आटली त्या उन्हाळ्यापासून ती बोलू लागली. निवडायला घेतलेली ज्वारी रात्री उशिरापर्यंत तिच्या मांडीवरच्या ताटात तशीच होती.