आधी तो कूलर बंद कर!

कपाटामागची भिंत काळी पडली म्हणून तिथे डांबरगोळ्या ठेवल्यास? शाबास! कपड्यांना कसर लागू नये म्हणून असतात त्या. भिंतीवरच्या बुरशीला त्यांचं सोयरसुतक नाही. मग कापूर जाळलास. वास दबला, तू खूश! आणि दिवाळीच्या तोंडावर त्याच डागांवर डिस्टेंपरचा हात मारलास. पुढच्या पावसात पोपडे सुटले, तर दोष कुणाला? रंगवाल्याला.

दहावीला म्युकर बुरशीची आकृती काढून मार्क घेतलेस ना? बीजाणू हवेत सगळीकडे असतात, ओल मिळाली की रुजतात, हे तूच लिहिलं होतंस. मग ओल कुठून येते ते बघायला तुला डोळे नाहीत?

मे महिन्यात जळगाव-धुळ्याचा पारा पंचेचाळिसाला टेकतो, हवा कोरडी ठणठणीत असते, तेव्हा कूलरसारखं सुख नाही. पण ऑगस्टात? हवेतच पाणी भरलेलं असतं. तेव्हा कूलर गारवा देत नाही, खोलीत नुसती वाफ कोंबतो. त्यात डास येतात म्हणून तुझ्या खिडक्या बंद, आणि ओले कपडे पलंगावरच्या दोरीवर! खोलीतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या खाली ठेवायची असते, बाबा. तुझे आजोबा मृगाआधी धाब्यावर माती टाकायचे. तुझ्या स्लॅबवर पाण्याचं डबकं, आणि पन्हळीत गेल्या वर्षीचा पाला. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढायचं, तेही तुझ्याने होत नाही.

आता ऐक. बाथरूमची टाइल, काच, स्टील असेल तर साबणाच्या पाण्याने घासायचं, मग पातळ ब्लीच लावून दहा मिनिटांनी धुऊन टाकायचं, खिडकी उघडी ठेवून. प्लास्टरवर ते चालत नाही. ब्लीच वरचा डाग उडवतं, पाणी मात्र आत मुरतं आणि बुरशीच्या तंतूंना तेच हवं असतं. तिथे आधी गळती बंद कर. मग नाकातोंडाला मास्क लाव, भिंतीवर पाणी शिंपड म्हणजे बीजाणू उडणार नाहीत, आणि पोपडे खरवडून काढ. भिंत खडखडीत वाळली की चुन्याचा हात दे. चुना जहाल अल्कली असतो, बुरशीला मानवत नाही. आतपर्यंत बुरशी गेलेली गादी मात्र फेकायचीच. पैसे गेले म्हणून रडू नकोस.

आणि हे काय ऐकतो मी, ब्लीचिंग पावडरीत संडासचं ॲसिड ओतलंस? 'डबल पॉवर' म्हणे! अरे ठोंब्या, त्यातून क्लोरीन निघतो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मनांनी शत्रूवर सोडला तोच वायू. तू तो बंद मोरीत, स्वतःच्या पोरांच्या शेजारी सोडलास.

शेंगदाण्यांचंही तेच. सादळून हिरवे-काळे पडलेले दाणे पुसून, भाजून कूट करता म्हणे. भाजल्याने बुरशी मरते, तिने सोडलेलं अफ्लाटॉक्सिन पुरतं जात नाही. १९७४ साली बांसवाडा-पंचमहालात बुरशी आलेला मका खाऊन शंभरावर माणसं दगावली. लांब नाही ते, सातपुड्यापलीकडेच. तो डबा आजच्या आज फेक. आणि काटकसर म्हणून म्हशीपुढे ओतू नकोस, ते विष दुधातून तुझ्याच चहात येईल.