एकचक्रेची पाळी

वर्धा जिल्ह्यातील सेलू तालुक्यातले केळझर हेच महाभारतातील एकचक्रानगरी होय, अशी या मुलखाची पूर्वापार श्रद्धा आहे; भीमाने बकासुराचा वध येथेच केला असे सांगतात, आणि टेकडीवरील सिद्धिविनायकाचे नातेही त्याच नगरीशी जोडले जाते. बंगालातील बीरभूमकडेही असाच दावा आहे. परंतु स्थळाचा निवाडा पंडितांवर सोपवला, तरी त्या कथेतला एक प्रश्न उरतोच, आणि ज्या घरातला मुलगा फौजेत आहे त्या घरात तो आजही जागा असतो: सर्वांच्या निर्भयतेचे मोल एकाच घराने किती वेळा चुकते करावे?

आपण बालपणी ऐकतो ती कथा भीमाच्या भोजनाची आणि मल्लयुद्धाची. आदिपर्वाच्या कर्त्याने मात्र पाळी आलेल्या ब्राह्मणाच्या घरातील विलापाला अध्यायामागून अध्याय दिले आहेत. गाडाभर अन्न, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा मनुष्य, हा राक्षसाचा ठरलेला हिस्सा, घरोघरच्या पाळीने द्यायचा. मी जातो, असे पिता म्हणतो. तुमच्यावाचून ही मुले कोण वाढवील, म्हणून मीच जाते, असे पत्नी म्हणते. कन्या स्वतःला पुढे करते. आणि बोबडे बोलणारा लहानगा हातात गवताची काडी घेऊन, हिनेच मी राक्षसाला मारीन, असे सांगतो. नगरीच्या रक्षणाचा भार वस्तुतः कोणाच्या शिरावर पडतो, याचे इतके पूर्ण दर्शन मला अन्यत्र क्वचितच घडले आहे.

त्या नगरीत एका घराची पाळी पुष्कळ वर्षांनी येई. आजच्या सैनिकाच्या घरी ती दोन-तीन वर्षांनी येते. शांत ठिकाणच्या ‘पीस’मधून सरहद्दीकडच्या ‘फील्ड’मध्ये आणि तेथून पुन्हा परत, असे बदल्यांचे चक्र फिरत राहते, फील्डच्या बहुतेक ठिकाणी कुटुंब नेता येत नाही, आणि वर्षाकाठी साठ दिवसांची वार्षिक व तीस दिवसांची नैमित्तिक रजा मंजूर झाली तरच तेवढा सहवास लाभतो. १९८४पासून सियाचीनच्या हिमनदीवर पहारा अखंड चालू आहे. तुकड्या बदलतात, पहारा संपत नाही. संसदेवरील हल्ल्यानंतर डिसेंबर २००१मध्ये फौज सरहद्दीवर गेली, ती सुमारे दहा महिने तशीच खडी राहिली. युद्ध झाले नाही, म्हणून विजयोत्सवही झाला नाही, परंतु घराघरांतून त्या दहा महिन्यांची किंमत मात्र पुरेपूर वसूल झाली.

येथे धर्मशास्त्राचा आधार घेऊन कोणी म्हणेल, की सैनिकाचा स्वधर्मच हा आहे. याच जिल्ह्यातील पवनारला राहिलेल्या विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात सांगितलेल्या गीताप्रवचनांत अर्जुनाच्या विषादाच्या मुळाशी स्वजनांविषयीची आसक्तीच पाहिली. अर्जुनापुरते ते मला सर्वस्वी मान्य आहे. पण सासऱ्याचे औषधपाणी, मुलाची शाळा आणि पेरणीची घाई एकटीने सांभाळणाऱ्या स्त्रीच्या थकव्याला आसक्ती म्हणणे अन्यायाचे होईल. गृहस्थाश्रमावर बाकीचे तिन्ही आश्रम अवलंबून आहेत असे सांगणारे आपले शास्त्र, पती दूर असताना तो आश्रम एकटीने उभा ठेवणारीला मोह झाला आहे, असे कोणत्या तोंडाने म्हणेल? तिने क्षात्रधर्म पत्करलेला नाही. तरी त्याचा अर्धा भार तीच वाहते.

पांडवांसह त्याच ब्राह्मणाच्या घरी आश्रयाला असलेल्या कुंतीचे वर्तन या ठिकाणी मननीय आहे. भीमाला पाठवण्याचा तिचा निर्णय ऐकून युधिष्ठिर रुष्ट झाला. ज्याच्या बाहुबळावर आपण निश्चिंत झोपतो, त्यालाच तू कसे दिलेस, असे त्याने विचारले. तिने दिलेले पहिले कारण शौर्याचे नव्हते. या घरात आपण सुखाने राहिलो, त्या उपकाराची फेड केलीच पाहिजे, असे ती म्हणाली. म्हणजे ज्यांना आश्रय मिळाला, ऋण त्यांच्यावर.

हा न्याय आज लावायचा, तर ऋणको आपण आहोत: ज्यांच्या घरी पाळी येतच नाही ते सारे. दरवर्षी झेंड्याला वंदन करून ते ऋण फिटत नाही. सातबाऱ्यावरील फेरफारासाठी जवानाच्या घरची सून तलाठ्याकडे खेटे घालते तेव्हा तिच्याबरोबर जाणे, बदलीमुळे वर्षाच्या मध्यावर आलेल्या मुलाला शाळेने बिनतक्रार दाखल करून घेणे, रजेवर येणाऱ्या जवानाची घरची कामे तो येण्यापूर्वीच उरकून ठेवणे, म्हणजे त्याचे मोजके दिवस कचेऱ्यांच्या ओसरीवर खर्ची पडणार नाहीत, एवढे तरी त्याच्या गावाकडून त्याला येणे आहे.