विद्येचा काटा

पाटस येथील एका ऊसबागाईतदार स्नेह्यांनीं परवां आम्हांस विचारिलें, "तुमच्या पुण्याच्या त्या कोशाचा उतारा किती पडला?" उसाची गाडी काट्यावर चढते, साखरेचा उतारा कळतो, मग विद्येलाच काटा कां नसावा? प्रश्न वाजवी होता.

डेक्कन कॉलेजांतील भाषाशास्त्राच्या संशोधनसंस्थेनें संस्कृतचा ऐतिहासिक महाकोश डॉ. सुमित्र मंगेश कत्रे ह्यांच्या नेतृत्वाखालीं १९४८ सालीं आरंभिला. सुमारें दीड हजार ग्रंथ चाळून शब्दागणिक उतारे चिठ्ठ्यांवर टिपले गेले (उतारा हा शब्द दोहींकडे चालतो, हें एक बरें!), आणि त्या चिठ्ठ्या कोटीच्या घरांत गेल्या. पहिला भाग निघाला १९७६ सालीं. हल्लीं विद्वानाची किंमत त्याच्या लेखांच्या संख्येवरून व इतरांनीं त्यांचा किती वेळां निर्देश केला ह्यावरून ठरवितात. त्या हिशेबानें चिठ्ठी लिहिणारा शून्यच. परंतु अमुक शब्दाचा अर्थ केव्हां पालटला हें सांगणारा उद्यांचा पंडित त्याच चिठ्ठीवर विसंबणार, आणि लिहिणाऱ्याचें नांव मात्र घेणार नाहीं.

तथापि आमचें मन सर्वस्वीं पंडितांच्या बाजूचें नाहीं. हा खर्च रयतेच्या पैशांतून होतो. चोखपणाच्या नांवाखालीं विलंबाचाच अभिमान बाळगणें म्हणजे तें ऋण विसरणें होय.

प्रसिद्ध झालेले भाग अद्याप 'अ'काराच्याच शब्दांत आहेत, हें ऐकून स्नेही म्हणाले, "मग आमचा ऊस केव्हां?" 'इक्षु' पडला 'इ'खालीं. मध्यें अजून 'आ' आहे, इतकेंच आम्हीं त्यांस सांगितलें.