बांधावरचे नातलग

जंगल वाचवायचं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वाघ येतो, साग येतो, देवराई येते. पिकांचे रानातले नातलग मात्र सहसा घनदाट जंगलात राहत नाहीत. त्यांना ऊन लागतं, हललेली माती लागते. रानभेंडी ओढ्याकाठी उगवते, रानमूग गवताळ उतारावर, रानतुरीचे बारीक वेल झुडपांच्या कडेनं चढतात, जंगली भात रस्त्याकडेच्या पाणथळ खड्ड्यात उभा असतो. सातबारावर जिची नोंद ‘पोटखराबा’ अशी होते, ती ही जागा. अभयारण्याची पाटी तिथे पोचत नाही, आणि शेतकऱ्यालाही ती आपली वाटत नाही.

मराठवाड्यात भेंडी लावणाऱ्याला हळद्या समजावून सांगावा लागत नाही. आधी पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, मग अख्खं पान, शेवटी फळंसुद्धा. पांढरी माशी या रोगाचा विषाणू शेतभर फिरवते. ‘पुसा सावनी’ हा एकेकाळचा भरवशाचा वाण या रोगापुढे टिकेना, तेव्हा परभणीच्या कृषी विद्यापीठात एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर यांनी त्याचा संकर भेंडीच्या नात्यातल्या अ‍ॅबेलमॉस्कस मॅनिहॉट या दुसऱ्या जातीशी घडवला. अशा आंतरजातीय संकराची पहिली पिढी बरीचशी वांझोटी निघते. पिढ्यान् पिढ्या निवड करत चिवटपणा ठेवायचा आणि नको ते गुण गाळायचे, हे फार धीराचं काम आहे. त्यातून १९८०च्या दशकात ‘परभणी क्रांती’ आली. पुढे तिच्यावरही हळद्या दिसू लागला आणि पैदासकारांना पुन्हा याच नात्यांकडे वळावं लागलं.

भाताची गोष्ट याहून मोठी आहे. १९७०च्या दशकात ग्रासी स्टंट या विषाणुरोगानं आशियातली भातशेती खुरटून टाकली. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. उपयोगी पडला एकच, उत्तर प्रदेशातून गोळा केलेला ओरायझा निवारा हा जंगली भात. त्याचा प्रतिकार ‘आयआर ३६’ या १९७६च्या वाणात उतरला आणि तो वाण पुढे सुमारे १.१ कोटी हेक्टरवर पोचला. उत्तर प्रदेशाच्या पूर्व भागात न पेरता उगवणाऱ्या जंगली भाताला तिन्नी म्हणतात आणि उपवासाला खातात. आपल्याकडे ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचं अन्न वर्ज्य असतं, त्यामागेही आपोआप आलेल्या अन्नाचा मान आहेच.

ओरायझा निवाराचं ते बी कुणी तरी पिशवीत भरलं तेव्हा ते पुढे कशाला लागेल हे कळणं शक्यच नव्हतं. ‘याचा उपयोग काय?’ असं बी गोळा करणाऱ्याला गावोगाव विचारलं जातं. ‘अजून माहीत नाही’ हेच त्याचं प्रामाणिक उत्तर, आणि मला ते पुरेसं वाटतं. उपयोग सिद्ध झाल्यावरच जपायचं असं ठरवलं असतं, तर तो भात पडताळणीपर्यंत टिकलाच नसता.

आणि हे गोळा करणं सोपं नाही. माणसानं हजारो वर्षं निवडून पिकांची बी गळण्याची खोड मोडली. रानातल्या नातलगांची ती शाबूत आहे. रानमुगाची शेंग वाळली की उन्हाच्या तडाख्यात पिळवटते आणि दाणे दूर उडतात. म्हणून सकाळी, दव असताना जायचं, तेव्हा शेंगा मऊ असतात. एकाच वेलावर फूल, हिरवी शेंग आणि फुटलेलं टरफल एकत्र दिसतं, तेव्हा एका फेरीत भागत नाही. रानभेंडीच्या बोंडावरची ताठ लव बोटांत रुतते. पाच शिवणींवर ते उकलण्याआधी काढावं लागतं. शक्य तर पन्नासेक झाडांवरून थोडं थोडं घ्यायचं, आणि त्या दिवशी पिकलेल्या बियांच्या पाचव्या हिश्शाहून जास्त नाही. बाकी त्या जागेचं आहे. वहीत ठिकाण, माती, उतार, गावकऱ्यांच्या तोंडचं नाव लिहायचं, सोबत दाबून वाळवलेला नमुना ठेवायचा. नोंद नसलेलं बी पैदासकाराच्या फारसं कामाचं नसतं.

मग बी दिल्लीच्या राष्ट्रीय जनुकपेढीत उणे १८ अंशांवर जातं. तिथे ते दीर्घकाळ जिवंत राहील, पण बदलणार नाही. दर पावसाळ्यात नव्या विषाणूशी, नव्या किडीशी, लांबलेल्या उघडिपीशी झुंजून टिकणारं झाड ओढ्याकाठीच असतं. जनुकपेढी हवीच, तिच्यावर विसंबून बांध साफ करायला आपण मोकळे झालो, असं मात्र मला मान्य नाही. बांध जेसीबीनं कोरून वाफा वाढवला जातो आणि उरलेल्या पट्ट्यावर तणनाशक पडतं. मजूर मिळत नाहीत, शेतकऱ्याची अडचण खरी आहे. म्हणून सगळे बांध राखा असं मी म्हणणार नाही. २००२च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची आहे. तिच्यात रानभेंडी, रानमूग, रानतूर गावात नेमकी कुठे उगवतात ते गट क्रमांकासह लिहावं, आणि तेवढ्या जागी बी झडेपर्यंत, कार्तिकअखेरपर्यंत, फवारणी करू नये.