‘दुप्पट’ या पदाची आकांक्षा

ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषधसुरक्षा समितीने असा इशारा दिला की, तिसऱ्या पिढीच्या संततिप्रतिबंधक गोळ्यांमुळे शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका आधीच्या गोळ्यांच्या मानाने सुमारे दुप्पट होतो. विधान खोटे नव्हते. दर ७,००० स्त्रियांमागे वर्षाला एकीऐवजी दोघींना हा विकार संभवत होता. लोकांपर्यंत पोहोचला तो मात्र ‘दुप्पट’ हा शब्द. अनेकींनी गोळ्या सोडल्या. पुढील वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये त्यापायी सुमारे १३,००० गर्भपात अधिक झाले, असा अंदाज मांडला गेला. गरोदरपणात गुठळीचा धोका या गोळ्यांहूनही अधिक असतो, ही गोष्ट त्या एका शब्दात मावणारी नव्हती.

हा प्रश्न संख्याशास्त्राचा म्हणून सोडून देता येत नाही. तो अन्वयाचा आहे. वाक्यार्थबोधासाठी आपल्या परंपरेने आकांक्षा, योग्यता व संनिधी या अटी सांगितल्या. ‘दुप्पट’ हे पद साकांक्ष आहे. कशाच्या दुप्पट, हे कळल्याखेरीज वाक्य पुरे होत नाही. तरीही ते पुरे भासते, कारण रिकामी जागा वाचक आपल्या भीतीने भरून काढतो. संहितेतील अशा रिक्त जागांचे आपल्या समीक्षेने पुष्कळ कौतुक केले आहे. त्यांची किंमत कुणाच्या देहाला मोजावी लागते, इकडे तिचे लक्ष क्वचितच गेले.

न्यायभाष्यकार वात्स्यायनाने आप्ताच्या लक्षणात विषयाच्या साक्षात ज्ञानाबरोबर, जसे जाणले तसे कळविण्याची इच्छाही घातली आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ यांना सारखेच लागू केले. म्हणजे आप्तत्व केवळ अधिकारपदाने येत नाही. अर्थात ‘सात हजारांत एक अधिक’ हे रूपही निष्पक्ष नव्हे; ते धोका लहान करून दाखविते, आणि औषध विकणाऱ्याला तेच सोयीचे. म्हणून सामान्य माणसाला एखादे ‘शुद्ध’ विधान निवडून देणे हा पुन्हा पालकत्वाचाच प्रकार ठरतो. दोन्ही रूपे शेजारी ठेवावीत, गोळी न घेण्यातील धोकाही त्याच मापाने सांगावा. तेवढ्यानंतरही एखादी स्त्री, आपल्या आईला हा विकार झाला होता म्हणून, ती गोळी नाकारील. तिला अडाणी ठरविण्याची घाई करू नये. सात हजारांची ती सरासरी तिच्यासाठी काढलेलीच नसते.